'पाहिले' म्हणणाऱ्याचे उत्तरदायित्व

नाटक, नृत्य, संगीत या प्रयोगजीवी कलांच्या संदर्भात प्रेक्षकांच्या आठवणींचा विचार मराठी समीक्षेत बहुधा हळहळीच्या सुरात झालेला आहे. प्रयोग संपतो, आवाज विरतो, कलावंत काळाच्या पडद्याआड जातो. मागे राहतात त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या आठवणी. त्या अपुऱ्या असतात, पुष्कळदा फुगवलेल्याही असतात, तरी दुसरे साधन नसल्याने त्या जपाव्यात, एवढ्यावर हा विचार सहसा थांबतो. त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की, आठवण चुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही. एखाद्या पदाला तीन वेळा 'वन्समोअर' मिळाला असताना सांगणाऱ्याने सात वेळा म्हटले, तर नाट्येतिहासकाराची थोडी पंचाईत होईल इतकेच. रसिकतेच्या राज्यात असल्या चुकीला दंड नाही.

हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ क्वचितच येते, कारण आठवण आणि तिचा परिणाम यांची समोरासमोर गाठ क्वचितच पडते. द डोअर्स या अमेरिकन रॉक बँडच्या बाबतीत ती पडली. १ मार्च १९६९ रोजी फ्लोरिडातील मायामी येथे या बँडचा कार्यक्रम झाला. त्या रात्री जे पाहिले, किंवा पाहिले असे नंतर आठवले, त्याच्या आधाराने गायक जिम मॉरिसन याच्यावर खटला झाला, तो दोषी ठरला आणि त्याला सहा महिन्यांची सजा सुनावली गेली. साठच्या दशकातील रॉक संगीताच्या चाहत्यांनी सांगितलेल्या आठवणींचा साठा अफाट आहे. त्यात ही एक रात्र वेगळी पडते, कारण तिच्यात चाहत्याची आठवण आणि साक्षीदाराची जबानी यांच्यातील भिंत कोसळलेली दिसते. प्रयोगाच्या आठवणीला सत्याचे बंधन असते काय, आणि असल्यास ते कोणापोटी असते, हा प्रश्न येथे केवळ सैद्धान्तिक राहत नाही.

वृत्तान्त थोडक्यात असा. १९६५ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या या बँडमध्ये चौघे होते : मॉरिसन, ऑर्गनवादक रे मॅन्झारेक, गिटारवादक रॉबी क्रीगर आणि ड्रमवादक जॉन डेन्समोर. मायामीतील डिनर की ऑडिटोरियम हे सभागृह म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे एक जुने हँगर. अधिक माणसे मावावीत म्हणून खुर्च्या काढून टाकलेल्या, क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक लोक आत कोंबलेले, आणि उकाडा. मॉरिसन उशिरा पोहोचला आणि तो प्यालेला होता. गीते सुरू होत आणि अर्ध्यावर सुटत. मधल्या जागेत तो श्रोत्यांशी बोलत होता. त्यांना डिवचत, गुलाम म्हणून हिणवत, कसलेच नियम उरलेले नाहीत असे बजावत मंचावर बोलावत होता. अखेर माणसांचा लोट मंचावर चढला आणि सुमारे तासाभरात कार्यक्रम मोडला. त्या वेळी कोणालाही अटक झाली नाही. अटकेचे आदेश निघाले ते चार दिवसांनी, ५ मार्चला. मधल्या चार दिवसांत वर्तमानपत्रे बोलत होती. २३ मार्चला मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर 'शालीनते'साठी एक प्रचंड मेळावा भरला, आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याची पत्राने प्रशंसा केली. ठिकठिकाणच्या सभागृहांनी बँडचे ठरलेले कार्यक्रम रद्द केले.

खटला उभा राहिला ऑगस्ट १९७० मध्ये, म्हणजे घटनेनंतर सतरा महिन्यांनी. आरोप चार होते : कामुक वर्तन, लोकांसमोर गुप्तांगाचे प्रदर्शन, उघड अपशब्द आणि सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद असणे. कार्यक्रमाची पुष्कळ छायाचित्रे न्यायालयापुढे होती; त्यांतल्या एकातही ते प्रदर्शन दिसत नव्हते. एका श्रोत्याने केलेले ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले. त्यात अपशब्द स्पष्ट होते, पण उरलेल्या गोष्टीबद्दल ध्वनिफीत काय सांगणार? राहिली ती माणसांची आठवण. काहींनी पाहिले असे सांगितले. तितक्याच जवळ उभ्या असलेल्या इतरांनी असे काही घडलेच नाही असे सांगितले. समकालीन नाटक-चित्रपटांतील नग्नतेशी तुलना करून समाजाचे मापदंड कोठे आहेत हे दाखवण्याची बचाव पक्षाची विनंती न्यायाधीशांनी मान्य केली नाही. २० सप्टेंबर १९७० रोजी ज्यूरीने अंगप्रदर्शन आणि अपशब्द या दोन आरोपांवर मॉरिसनला दोषी ठरवले व अन्य दोन आरोपांतून मुक्त केले. हा निकाल स्मरणाच्या दृष्टीने मोठा चमत्कारिक आहे. तो त्या रात्री प्यालेला होता हे त्याच्या सहकाऱ्यांनीही कधी नाकारले नाही, आणि नेमक्या त्या आरोपातून तो सुटला. ज्या कृत्याचा एकही टिकाऊ पुरावा नव्हता, ते मात्र शाबीत झाले. ३० ऑक्टोबरला सजा झाली. अपील प्रलंबित असतानाच ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मरण पावला.

या रात्रीची आठवण कशी घडली हे समजण्यासाठी ती रात्र सुरू होण्यापूर्वी श्रोत्यांच्या मनात काय होते हे पाहावे लागते. डोअर्सचा श्रोता १९६९ पर्यंत निव्वळ गाणे ऐकण्यासाठी येत नव्हता. ऑगस्ट १९६६ मध्ये 'व्हिस्की अ गो गो' या क्लबमध्ये 'द एंड' या गीताच्या मध्यात मॉरिसनने ईडिपसच्या कथेचा उघडावाघडा भाग घातला आणि बँडला तेथून काढून टाकण्यात आले. डिसेंबर १९६७ मध्ये न्यू हेवन येथे मंचामागे पोलिसाने आपल्या डोळ्यांत झोंबणारा फवारा मारल्याची हकिगत तो मंचावरून सांगू लागला आणि भर कार्यक्रमात त्याला अटक झाली. या कथा कर्णोपकर्णी पसरलेल्या होत्या. मायामीतील बहुसंख्य श्रोत्यांनी त्या घटना पाहिलेल्या नव्हत्या; त्यांच्याजवळ होत्या त्या दुसऱ्यांच्या आठवणी. म्हणजे येथे आठवण प्रयोगाच्या मागून येत नाही, ती प्रयोगाच्या आधी सभागृहात येऊन बसलेली असते. 'काहीतरी घडणार' ही अपेक्षा म्हणजे अशा उसन्या आठवणींचेच भविष्यकाळी रूप होय.

दुसऱ्या बाजूने मॉरिसनही वेगळीच तयारी करून आला होता. फेब्रुवारी १९६९ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये त्याने 'लिव्हिंग थिएटर' या नाट्यसंस्थेचे प्रयोग पाहिले होते. त्यांतील 'पॅराडाइज नाऊ' या प्रयोगात नट प्रेक्षकांत मिसळून समाजाने घातलेल्या बंदींची यादी त्यांच्या तोंडावर म्हणत. वस्त्रे उतरवण्यास मनाई आहे हीही त्यांतली एक बंदी. ती उच्चारून नट कायदा चालू देईल तितके कपडे उतरवत. आर्तोच्या नाट्यविचाराचा हा वारसा होता. प्रेक्षक आणि नट यांच्यातील अंतर नष्ट करणे, पाहणाऱ्याला 'पाहणारा' राहू न देणे, हे त्याचे उद्दिष्ट. मायामीत मॉरिसनने तेच रॉक संगीताच्या मंचावर करू पाहिले, असे त्याच्या बोलण्याच्या एकंदर रोखावरून म्हणता येते. सहकाऱ्यांना त्याची पूर्वकल्पना नव्हती. श्रोत्यांना तर नव्हतीच. यातील विपर्यास असा की, ज्या प्रयोगाला प्रेक्षकाचे साक्षित्व मोडून काढायचे होते, त्याच प्रयोगाच्या प्रेक्षकांना पुढे साक्षीदार म्हणून उभे केले गेले. ज्यांना मंचावर ओढून घेतले होते त्यांनाच विचारले गेले की, मंचावर काय घडले?

रे मॅन्झारेकने पुढे या सगळ्याला सामूहिक भ्रम म्हटले. शब्द आकर्षक आहे, पण तो प्रश्न सोडवण्यापेक्षा गुंडाळतो. भ्रम म्हटले की त्यात कोणाचे काही कर्तृत्व राहत नाही. येथे मात्र कर्तृत्व होते. स्मरण ही सामाजिक चौकटीत होणारी क्रिया आहे हे मोरिस हाल्बवाक्सने १९२५ मध्येच मांडले. समूहाला ज्याची गरज असते ते आठवते, असा त्याच्या विचाराचा एक अर्थ निघतो. मायामीच्या बाबतीत ही गरज कोणाची होती? उघड उत्तर असे की, संतापलेल्या शालीनतावाद्यांची. ते खरेही आहे. मात्र उत्तराचा दुसरा, अधिक अडचणीचा भाग असा की, ती चाहत्यांचीही होती. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत डोअर्सच्या चाहत्यांमध्ये मायामीची रात्र अभिमानाने सांगितली गेली आहे. तिच्यात बंडखोरीचा कळस आहे. नायकाने अखेरचे वस्त्र, अखेरची बंदी झुगारल्याचा क्षण आहे. ती वगळली तर कथानकाला शिखरच राहत नाही. अभियोक्त्याला जे कृत्य गुन्हा म्हणून हवे होते, तेच भक्ताला पराक्रम म्हणून हवे होते. दोघांनी एकाच प्रतिमेला हातभार लावला. तिला नकार देणारे राहिले ते मंचावरचे तिघे, ज्यांना त्या प्रतिमेतून काहीच मिळणार नव्हते, उलट ज्यांचे कार्यक्रम, उत्पन्न आणि नाव तिच्यामुळे बुडत होते. त्यांच्या नकारालाही हितसंबंध होता असे म्हणता येईल, आणि ते म्हटले पाहिजे. परंतु मॉरिसनच्या मृत्यूनंतर, जेव्हा ती दंतकथा विकली जात होती आणि होकार देणे फायद्याचे होते, तेव्हाही ते नकारावर ठाम राहिले, हे त्यांच्या बाजूने मोजावे लागते.

द्वेषाने आठवणारा आणि प्रेमाने आठवणारा यांचे असे एकमत होणे ही स्मरणाच्या नीतिशास्त्रातील खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आठवण विकृत होते ती वैरामुळे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रेमाच्या आठवणीला आपण सहसा सूट देतो. प्रेमाने सांगितलेली चुकीची आठवणही तुरुंगाच्या दिशेने जाऊ शकते, हे येथे दिसते.

या ठिकाणी गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली एक भूमिका पुढे येईल. ती म्हणेल की, 'मूळ घटना' ही कल्पनाच भाबडी आहे. प्रयोगाला स्थिर संहिता नसते. प्रत्येक प्रेक्षकाचा प्रयोग वेगळा. आहेत त्या केवळ आवृत्त्या, आणि कोणत्याही आवृत्तीला अग्रपूजेचा मान नाही. पेगी फेलन यांनी १९९३ मध्ये मांडलेला विचार या भूमिकेला एक वेगळे बळ देतो : प्रयोग केवळ वर्तमानात असतो, तो नोंदवला की तो दुसरेच काही होतो. आस्वादाच्या पातळीवर यातले बरेचसे मान्य करण्यासारखे आहे. 'द एंड' हे गीत ज्या रात्रींमध्ये घडत गेले त्यांतील बहुतेकांचे मुद्रण नाही. त्या रात्री प्रत्येक श्रोत्याजवळ वेगळ्या आहेत आणि त्यांच्यापैकी कोणती खरी हे विचारण्यात अर्थ नाही. पण मायामीत मॉरिसनने ते केले किंवा केले नाही. या वाक्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी मान देण्याची उदारता आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसापुढे दाखवता येत नाही. आवृत्त्यांचा सिद्धान्त समीक्षकाला परवडतो, कारण त्याच्या अर्थनिर्णयाने कोणी तुरुंगात जात नाही. जेथे जाते, तेथे सिद्धान्ताला आपली मर्यादा आखावी लागते.

याच्या उलट भूमिका नोंदीवर भिस्त ठेवणाऱ्यांची. माणसे विसरतात, यंत्र विसरत नाही. तेव्हा ध्वनिफीत काढा आणि वाद मिटवा. मायामीची ध्वनिफीत उपलब्ध असूनही वाद मिटला नाही, एवढे एकच उदाहरण खरे तर पुरेसे आहे. परंतु डोअर्सच्या बाबतीत नोंदींचा स्वभाव अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲब्सोल्यूटली लाइव्ह' या संचाच्या शीर्षकात निखळ प्रत्यक्षाचा दावा आहे. वस्तुतः तो वेगवेगळ्या शहरांतील, १९६९-७० मधील अनेक कार्यक्रमांचे तुकडे कापून आणि सांधून तयार केलेला आहे. जी रात्र कधी झालीच नाही ती त्यावर ऐकू येते, आणि असंख्य चाहत्यांच्या मनात डोअर्सचा 'प्रत्यक्ष' कार्यक्रम म्हणजे तीच न झालेली रात्र आहे. ५ जुलै १९६८ च्या हॉलिवूड बोलमधील कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले होते. तांत्रिक दोषांमुळे आधी वगळलेली त्यातील काही गीते नव्या तंत्राने दुरुस्त करून पूर्ण कार्यक्रम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र विसरत नसेल, पण यंत्रामागची माणसे निवडतात, जोडतात, दुरुस्त करतात. मानवी स्मरणही नेमके हेच करते.

अर्थात नोंदीचा उपयोग नाही असे नाही. तिचा खरा उपयोग आठवणीला लाजवण्यात आहे. मार्च १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'मॅट्रिक्स' या लहानशा क्लबमधील मुद्रणांवर गीत संपल्यावर विरळ टाळ्या ऐकू येतात. जगप्रसिद्ध होण्याच्या काही महिने आधी हे चौघे मोजक्या लोकांपुढे वाजवत होते. 'आम्ही तेव्हाच ओळखले होते' असे पुढे सांगणाऱ्यांची संख्या त्या टाळ्यांत बसणारी नाही.

मग आठवणीचे स्थान कोणते? न्यायदर्शनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर येथे उपयोगी पडते. नैयायिक ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन विभाग करतात आणि प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, हे पद यथार्थ अनुभवालाच देतात. स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते. ती खरी असू शकते; पण तिचे खरेपण तिचे स्वतःचे नसते. ज्या अनुभवाचा संस्कार उरला तो यथार्थ असेल तर स्मृती यथार्थ, तो चुकीचा असेल तर तीही चुकीची. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर स्मृती ही नेहमी ऋणको असते. तिच्याजवळ जे आहे ते कोठून आणले हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असतो. मायामीच्या साक्षीदारांकडे असलेल्या संस्कारांचे सावकार अनेक होते : हँगरमधला तो तास, मागची कुजबुज, पुढच्या चार दिवसांतील वर्तमानपत्रे, सतरा महिन्यांची चर्चा. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले की, मोटारींच्या टकरीची चित्रफीत पाहणाऱ्यांना प्रश्न विचारताना नुसते क्रियापद जहाल वापरले, तर आठवडाभराने त्यांच्यातील अधिक जणांना चित्रफितीत नसलेली फुटकी काच 'आठवते'. नैयायिकांच्या परिभाषेत येथे एका अनुभवाच्या संस्कारावर दुसऱ्याचा संस्कार चढतो आणि सांगणाऱ्याला दोन ऋणे वेगळी ओळखता येत नाहीत.

त्यात १९८० नंतर आणखी भर पडली. जेरी हॉपकिन्स आणि डॅनी शुगरमन यांनी लिहिलेले मॉरिसनचे चरित्र त्या वर्षी आले आणि एक नवी पिढी या बँडकडे वळली. १९९१ मध्ये ऑलिव्हर स्टोनचा चित्रपट आला. त्यात मायामीची रात्र, तुडुंब गर्दी आणि घामासकट, पुन्हा उभी केलेली आहे. मॅन्झारेकने त्या चित्रपटातील मॉरिसनच्या चित्रणावर जाहीरपणे कडाडून टीका केली. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, त्यानंतर मायामी आठवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे जो देह उभा राहतो तो मॉरिसनचा की नट व्हॅल किल्मरचा, हे सांगणे त्यालाही अवघड व्हावे.

परंतु स्मृतीला केवळ प्रामाण्याच्या तराजूत घालणे पुरेसे नाही, कारण कलेच्या अनुभवात प्रामाण्याचा प्रश्न काही काळ बाजूला ठेवलेला असतो. अभिनवगुप्ताने साधारणीकरणाच्या विवेचनात हेच दाखवले आहे. रसास्वादात समोरचा भाव हा अमक्याचा, अमक्या स्थळी, अमक्या वेळी अशा विशेषांतून सुटतो. प्रेक्षकही आपल्या खाजगी विशेषांतून सुटतो. वासना जाग्या होतात, पण त्या कोणा एकाच्या राहत नाहीत. 'द एंड' ऐकताना मध्यंतरीच्या शांततेत दाटून आलेले भय ज्याला वर्षांनी आठवते, त्याची आठवण अशी साधारणीकृत असते. तिला तारीख नसते. ती १९६६ ची की १९६८ ची, तो पहिल्या रांगेत होता की पंचविसाव्या, याने तिच्या सत्यतेत फरक पडत नाही. न्यायालयाला मात्र नेमके विशेषच हवे असतात : कोण, केव्हा, कोठे, किती अंतरावरून. खटला ही साधारणीकरणाची उलटी क्रिया आहे. रसाच्या अवस्थेत साठवलेल्या गोष्टीतून ती विशेष काढू पाहते, आणि तेथे विशेष नसल्यामुळे सांगणारा ते, बहुधा प्रामाणिकपणे, नव्याने तयार करून देतो. मायामीतील काही साक्षींचे स्पष्टीकरण लबाडीपेक्षा या मार्गाने अधिक समाधानकारक होते. ज्यांनी त्या रात्री नग्नतेचा भाव, भीती, उन्माद, लाज हे सगळे खरोखर अनुभवले, त्यांना पुढे त्या भावाचा विषयही पाहिल्यासारखा वाटला असणे अशक्य नाही.

असे असेल तर उत्तरदायित्व कोठे उरते? ते त्या भाषांतराच्या क्षणी उरते, जेव्हा 'मला असे झाले' हे वाक्य 'मी असे पाहिले' या वाक्यात बदलते. संस्कृतातील 'साक्षिन्' हा शब्द पाणिनीने 'साक्षात् पाहणारा' या अर्थाने सिद्ध केला आहे. मराठीनेही 'डोळ्यांदेखत' आणि 'ऐकीव' हा भेद रोजच्या बोलण्यात जपला आहे. 'पाहिले' या क्रियापदाने सांगणारा एक हुंडी लिहून देत असतो. पॉल रिकर यांनी साक्षीचे विश्लेषण करताना तिच्यात तीन गोष्टी गुंफलेल्या दाखवल्या : सांगणारा तेथे होता हे विधान, विश्वास ठेवण्याची विनंती आणि विश्वास नसल्यास दुसऱ्याला विचारण्याचे आव्हान. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. साक्ष देणारा स्वतःला इतरांच्या साक्षीपुढे उघडे करतो. चाहत्याची दंतकथा हे सहसा करत नाही. ती दुसऱ्याला विचारायला सांगत नाही. 'तू नव्हतास, तुला काय कळणार' असे म्हणून दार लावून घेते.

यावर आक्षेप येईल की, अशी कसोटी लावली तर चाहत्यांनी तोंडच उघडायला नको. गप्पांच्या बैठकीत शपथपत्र कोण लिहून देतो? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याची व्याप्ती वाटते तेवढी नाही. बहुतांश आठवणी कोणावर काही लादत नाहीत. ऑर्गनचा आवाज छातीत कसा घुमला, दिवे विझल्यावर किती वेळ कोणी बोलले नाही, घरी परतताना रस्ता कसा परका वाटला, या गोष्टी सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आहेत आणि त्यांवर त्याची मालकी निर्विवाद आहे. कसोटी लागते ती ज्या वाक्यात दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याचे कृत्य असते त्यालाच. अशी वाक्ये थोडी असतात. अडचण एवढीच की, बैठकीत रंगतात ती तीच.

येथे अविशाई मार्गालिट यांनी २००२ मध्ये केलेला भेद आठवतो. सामायिक भूतकाळाने बांधलेली दाट नाती आणि निव्वळ माणूसपणाने जोडलेली विरळ नाती, असे दोन प्रकार ते करतात आणि स्मरणाचे कर्तव्य मुख्यतः दाट नात्यांत ठेवतात. चाहता आणि कलावंत यांचे नाते या वर्गीकरणात नीट बसत नाही. ते एका बाजूने दाट आणि दुसऱ्या बाजूने विरळ असते. चाहत्याच्या तारुण्याचा मोठा भाग त्या आवाजाने व्यापलेला असतो. कलावंताला त्या चाहत्याचे नावही ठाऊक नसते. अशा विषम नात्यात आठवण्याचा सगळा अधिकार एकाच बाजूकडे जातो. मृत कलावंत तर दुरुस्तीही करू शकत नाही. मॉरिसनने न्यायालयात स्वतःची जबानी दिली होती. पण दंतकथेत त्या जबानीला जागा नाही, कारण नकार देणारा नायक तिला शोभत नाही.

आणि हानी एकट्या मॉरिसनची झाली असेही नाही. चाहत्यांच्या आठवणीत डोअर्सचा कार्यक्रम म्हणजे मॉरिसनचा कार्यक्रम. मंचावर बासवादक नसे. मॅन्झारेक डाव्या हाताने वेगळ्या कळफलकावर खर्जाची बाजू आणि उजव्या हाताने ऑर्गन सांभाळत असे. ज्या गीताने बँडला १९६७ मध्ये कीर्ती मिळाली, त्या 'लाइट माय फायर'चा मुख्य रचनाकार क्रीगर होता. मायामीच्या रात्रीही, गायक गीत अर्ध्यावर टाकून बोलू लागला की, ताल न सोडता ते तिघे त्याच्याखाली जमीन धरून राहत. ध्वनिफितीत हे ऐकू येते. त्या रात्रीबद्दल बोलताना या धरून ठेवण्याची आठवण फारशी कोणी सांगत नाही. मॉरिसननंतर तिघांनी १९७१ आणि १९७२ मध्ये आणखी दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या तर चाहत्यांच्या स्मरणातून जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. जे घडले की नाही याचा पत्ता नाही ते सर्वांना आठवते, आणि जे निश्चित घडले ते कोणी सांगत नाही.

९ डिसेंबर २०१० रोजी, मॉरिसनच्या जन्मदिनाच्या दुसऱ्या दिवशी, फ्लोरिडाच्या दयामंडळाने गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांच्या पुढाकाराने त्याला मरणोत्तर क्षमा दिली. दोषी की निर्दोष हे ठरवणे आपल्या हाती नाही असा क्रिस्ट यांचा सूर होता. मॉरिसनच्या निकटच्या काहींना हे मानवले नाही. क्षमा करायची तर आधी अपराध मानावा लागतो, आणि अपराध घडलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे. तर्काने ते बरोबर आहे. मंडळाजवळ मात्र दुसरा मार्ग नव्हता, कारण निर्दोषत्व जाहीर करण्यासाठी पुन्हा साक्षीदारांकडेच जावे लागले असते; आणि एकेचाळीस वर्षांनंतर त्यांच्याजवळ जे होते त्यात त्या तासाचे किती, वर्तमानपत्रांचे किती आणि चित्रपटाचे किती, हे वेगळे काढून दाखवणे त्यांच्यापैकी कोणालाही शक्य नव्हते. डिनर की येथील ते हँगर २०१३ मध्ये पाडण्यात आले.